रफूवालीचा डोळा

रफू करणाऱ्याचं कौतुक कधी कोणी करत नाही. काम चांगलं झालं असेल तर ते दिसतच नाही, आणि दिसलं तर ते चांगलं झालेलं नसतं. लाँड्रीच्या मागच्या खोलीत, खिडकीला लावलेल्या टेबलाशी बसून तिनं अर्धं आयुष्य लोकांच्या कपड्यांची भोकं बुजवली. सिगारेटनं जळालेली पँट, उंदरानं कुरतडलेला कोट, खिळ्याला अडकून फाटलेली बाही. कपड्याच्या आतल्या शिवणीतून त्याचाच धागा हळूच उपसायचा आणि भोकाच्या कडेपासून एक वर, एक खाली, असं विणत जायचं. आतला धागा पुरला नाही तर रिळातला शोधायचा, आणि खरी परीक्षा तिथं असते. तुम्हाआम्हाला काळा म्हणजे काळा. तिच्याकडे काळ्याचा एक अख्खा खण होता. पांढऱ्याचं तर विचारूच नका.

लाँड्रीचा मालक तिला नावानं हाक मारायचा नाही. 'रफूवालीला दाखवा', 'रफूवाली काय म्हणते बघा', असंच चालायचं. हळूहळू गल्लीही तेच म्हणायला लागली. तिनं कधी हरकत घेतली नाही. हरकत घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. लोक याला गुण म्हणतात. म्हणोत बापडे.

नवरा रंगाच्या दुकानात होता. भिंतीचा खरवडलेला पोपडा हातात घेऊन गिऱ्हाईक यायचं, 'असाच रंग द्या' म्हणायचं. मग हा पांढऱ्या रंगाच्या डब्यात थेंब थेंब करत गडद रंग सोडायचा, काडीनं ढवळायचा, पुठ्ठ्यावर एक पट्टा ओढायचा, वाळू द्यायचा, पोपडा शेजारी धरायचा आणि म्हणायचा, 'घ्या, हाच.' आणि तो हाच असायचा. भिंतीचा डागडुजी केलेला भाग नंतर घरमालकालाही सापडायचा नाही. तर असा हा रंगवाला एकदा जळका शर्ट घेऊन लाँड्रीत आला. शर्ट परत नेताना भोक शोधत दारातच उभा राहिला आणि मग त्यानं विचारलं, 'धागा कसा निवडता तुम्ही?'

'उजेडात,' ती म्हणाली.

लग्न जमायला काहींना एवढं पुरतं.

त्याला ताऱ्यांचं वेड होतं. तारे बघणाऱ्यांचं एक मंडळ होतं गावात, निवृत्तीला आलेले एक मास्तर ते चालवायचे, आणि हा त्यांचा पट्टशिष्य. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यानं तिला गच्चीवर नेलं आणि गळ्यात दुर्बीण अडकवली. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, 'आमच्याकडे दोघं रात्री गच्चीवर जातात आणि खरोखरच तारे बघतात हो.' शेजारीण म्हणायची, 'वैद्याला दाखवलंत का?'

आता तारे बघणं म्हणजे मान वर करून 'वा वा' करणं, असं तुम्हाला वाटत असेल तर ते चूक आहे. काही तारे मंद होतात, पुन्हा उजळतात. त्यांच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. करायचं ते असं. आपल्या ताऱ्याच्या शेजारचे दोन तारे घ्यायचे, ज्यांचं तेज कधी बदलत नाही, एक जरा जास्त उजळ, एक जरा कमी. त्या दोघांमध्ये दहा पायऱ्या आहेत असं समजायचं आणि आपला तारा आज कितव्या पायरीवर आहे ते डोळ्यानं ठरवायचं. बस. तेवढा आकडा मंडळाला पाठवायचा. मास्तर सगळ्यांचे आकडे एकत्र करून त्यांची रेघ काढायचे. वर्षानुवर्षं हेच. यात ना पैसा, ना नाव, पण रेघेत आपला ठिपका असतो.

आणि एक नियम होता. दोघं बघत असतील तर दोघांचं लिहून होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. एकानं आकडा उच्चारला की दुसऱ्याचा डोळा बाटला. मग तो तारा बघत नाही, बोलणाऱ्याचं तोंड बघतो. त्यामुळे दोघं गच्चीवर शेजारी शेजारी मुक्यानं उभी असायची, मग पाठ फिरवून लिहायची आणि मगच एकमेकांना कागद दाखवायची. बहुतेक वेळा फरक एका पायरीचा. कधी तोही नाही. मग तो असा खूश व्हायचा, जसं काही दोघांनी मिळून चोरी केली आणि कोणाला कळलं नाही.

तिला हे का आवडायचं ते सांगतो. दिवसभर कोणी ना कोणी तिला काम सांगायचं. हे कर, ते आण, संध्याकाळपर्यंत दे. गच्चीवर मात्र तिला विचारलं जायचं, तुला काय दिसलं? हा प्रश्न तिला जन्मात दुसऱ्या कोणी विचारला नव्हता. आईनं नाही, बापानं नाही, मालकानं तर नाहीच. तिचे आकडे तिच्या नावानं मंडळात जायचे, नवऱ्याच्या नावाखाली नाही. मास्तरांच्या रेघेत तिचा वेगळा ठिपका असायचा. सांगण्यासारखी तिची अशी तेवढी एकच गोष्ट होती.

ते पुष्कळ तारे बघायचे, पण नवऱ्याचा लाडका एक होता. तांबूस रंगाचा, म्हणून घरात त्याचं नाव तांबडा. त्याच्या शेजारच्या दोन निळसर पांढऱ्या ताऱ्यांना ते थोरली आणि धाकटी म्हणायचे. तांबडा धाकटीपेक्षा किंचित उजळ, थोरलीपेक्षा बराच मंद. तो फारसा बदलत नाही असंच सगळे धरून चालायचे. लाल ताऱ्यांची एक खोड असते. त्यांच्याकडे टक लावून बघितलं की ते उगाच उजळ वाटायला लागतात. म्हणून त्यांच्याकडे चोरून बघायचं असतं, नजर टाकायची आणि काढून घ्यायची. हे तिला नवऱ्यानंच शिकवलं होतं. सासूबाईंसमोर नवऱ्याकडे बघायची तिला सवय होतीच, त्यामुळे जमलं लवकर.

वर्षं गेली. सासूबाई गेल्या. दोघांचे केस पिकले. आणि रंगाच्या दुकानात तक्रारी यायला लागल्या.

पहिली तक्रार एका दातांच्या डॉक्टरांची. त्यांच्या दवाखान्याची भिंत एके ठिकाणी ओलीनं खराब झाली होती, तेवढाच भाग रंगवून घेतला. पांढऱ्यावर पांढरा. दुसऱ्या दिवशी डॉक्टर दुकानात आले आणि म्हणाले, 'पेशंट विचारतात, भिंतीवर चहा सांडला का.' नवरा भिंत बघून आला. त्याला डाग दिसेना. पेंटरनं डबा बदलला असणार, असं त्यानं ठासून सांगितलं. मग दुसरी तक्रार, तिसरी. दर वेळी पांढरा पिवळट निघायचा आणि दर वेळी दोष दुसऱ्याचा असायचा. शेवटी मालकानं रंग जुळवायचं मशीन आणलं. पोपडा त्याच्यासमोर धरला की ते आपलं आपण ठरवायचं. नवऱ्याला काउंटरच्या दुसऱ्या टोकाला बसवलं, ब्रश आणि पॉलिश पेपर विकायला.

तो घरी आला, जेवला नाही, आणि गच्चीवर गेला. खाली येऊन म्हणाला, 'तांबडा वर चढलाय.'

'म्हणजे?'

'थोरलीकडे सरकलाय. गेले काही महिने मला शंका होतीच. आता खात्री झाली.'

ती वर गेली. चोरून बघितलं. तांबडा होता तिथंच होता, धाकटीला खेटून. तिनं तसं सांगितलं.

'नीट बघ,' तो म्हणाला.

तिनं नीट बघितलं. दुसऱ्या दिवशी, पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी बघितलं. त्याचा तांबडा पायरी पायरीनं वर जात राहिला आणि तिचा जागचा हलला नाही. आधी तिला वाटलं, हे टक लावून बघत असतील. तसं म्हणाली तर तो म्हणाला, 'मला शिकवतेस?' मग तो म्हणायला लागला की तिचेच डोळे गेले, रिळं बघून बघून. मंडळाला पाकीट तोच टाकायचा. तांबड्याचे तिचे आकडे त्यानं पाठवणं बंद केलं. 'तुझा डोळा सुधारेपर्यंत राहू दे,' म्हणाला. 'उगाच माझी रेघ बिघडायची.'

मास्तरांनी त्याला बोलावून घेतलं. दुसऱ्या कोणालाही तांबडा उजळ दिसत नव्हता. मास्तर सरळ माणूस. म्हणाले, 'एकदा डोळे दाखवून घे रे.'

झालं. रंगवाल्याला डोळे दाखव म्हणणं म्हणजे काय, ते समजून घ्या. मशीननं त्याची खुर्ची घेतली होती, आता मास्तर त्याचं आकाशही घ्यायला निघाले. तो घरी येऊन मास्तरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बसला. तांबडा खरंच उजळत असेल तर तो शोध होता. दुसऱ्या कोणाच्या नजरेत न भरलेलं याच्या नजरेत भरलं असं ठरणार होतं. दुकानातल्या त्या मशीनच्या तोंडात मारल्यासारखं होणार होतं. त्यानं हे बोलून दाखवलं नाही, पण तिला न बोललेलं ऐकायची सवय होती.

रफूवालीनं दोन वर्षं तग धरला. म्हणजे रोज भांडली, असं नव्हे. विचारलं की जे दिसतं ते सांगायची, एवढंच. त्यावर घरात जी शांतता पसरायची ती तुम्ही अनुभवली नसेल तर सुखी आहात. ताट समोर यायचं, तसंच परत जायचं. तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा. आता तो गच्चीवर तिच्या आधी आकडा बोलायचा, मोठ्यानं, आणि मग तिच्याकडे वळून विचारायचा, 'तुला?'

एका रात्री तो म्हणाला, 'दोघांपैकी एकाचा डोळा गेलाय. तुझा की माझा, सांगून टाक एकदा.'

तिनं त्याच्याकडे बघितलं. पूर्वी त्याच्या नखांत कायम कुठला ना कुठला रंग असायचा, ती कपडे धुताना वैतागायची. आता नखं स्वच्छ होती. तिला त्याची दया आली. आणि खरं सांगायचं तर दयेपेक्षा जास्त कंटाळा आला होता. एका आकड्यानं काय आकाश कोसळणार आहे, असा विचार तिनं केला. दुर्बीण डोळ्याला लावली, बघितल्यासारखं केलं आणि म्हणाली, 'थोरलीजवळ आलाय खरा.'

त्या रात्री त्यानं स्वतः चहा केला. दोन वर्षांत पहिल्यांदा. साखर जास्त पडली होती. ती प्यायली.

पहिल्यांदा जड गेलं, मग सोपं होत गेलं. तो आकडा बोलायचा आणि ती त्याहून एक पायरी कमी सांगायची. तंतोतंत तोच सांगितला तर संशय येईल, म्हणून. इतकी वर्षं काम केलेली बाई, दिसू नये असं काम कसं करायचं ते तिला कोण शिकवणार? तिचे आकडे पुन्हा पाकिटात जायला लागले. एका घरात दोन डोळ्यांना एकच दिसतंय म्हटल्यावर मास्तरही घुटमळले. त्यांनी मंडळाच्या पत्रकात दोघांच्या आकड्यांसकट छापलं, कोणाला असं दिसतंय का, म्हणून विचारलं. कोणाला दिसेना. लांबच्या एका वेधशाळेनं यंत्रानं मोजून कळवलं की ताऱ्यात काही फरक नाही. नवरा म्हणाला, 'यंत्रांचं कौतुक मला सांगू नका. आमच्या दुकानात एक आहे.' लोक हसले. त्यानं मंडळात जाणं सोडलं, पण पाकिटं पाठवणं सोडलं नाही.

कधी तो पाण्याचा तांब्या आणायला खाली गेला की ती घाईघाईनं दुर्बीण उचलून तांबड्याकडे बघायची. तो बिचारा धाकटीला खेटून तसाच उभा असायचा. तिला त्याच्याकडे बघायची लाज वाटायची. ताऱ्याची लाज, म्हणजे बघा.

पुढे एके संध्याकाळी नवरा जिन्याची शेवटची पायरी चुकला आणि पडला. हाड मोडलं नाही, पण हाडाच्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी तपासून विचारलं, 'इतकी वर्षं काय करत होतात?' दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकून पिवळा झालेला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, हा पिवळेपणा इतका हळूहळू येतो की माणसाला पत्ता लागत नाही. पिवळी काच लावून जग बघितल्यासारखं होतं. निळं ते मंद होतं, लाल ते तसंच राहतं. म्हणजे निळसर थोरली आणि धाकटी याच्या डोळ्यात वर्षानुवर्षं विझत चालल्या होत्या, आणि शेजारचा तांबडा आपोआप चढत होता. आकाशात काहीच घडलं नव्हतं.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, काळा चष्मा लावून तो घरी आला आणि झोपायच्या खोलीच्या दारातच थबकला.

'ही भिंत पिवळी कोणी केली?'

'तुम्हीच,' ती म्हणाली. 'पांढरा म्हणून लावलात.'

आकाश निरभ्र झालं त्या दिवशी तो गच्चीवर गेला. ती मागोमाग गेली. त्यानं डावा डोळा झाकून नव्या डोळ्यानं बघितलं. मग उजवा झाकून जुन्या डोळ्यानं. पुन्हा नव्या डोळ्यानं. बराच वेळ हेच चाललं होतं. ती शेजारी कठड्याला धरून उभी होती. आता वळेल, म्हणेल, तुझं खरं होतं. एवढंच म्हणाला तरी मागचं सगळं सोडून द्यायची तिची तयारी होती. तिनं मनात सोडूनही दिलं होतं.

तो वळला आणि म्हणाला, 'मास्तरांचं खरं होतं.'

मग थोड्या वेळानं, काळजीनं, 'तुलाही मोतीबिंदूच असणार बघ. तुलाही तसंच दिसत होतं ना? उद्याच दाखवून घेऊ.' ती तोंड उघडेपर्यंत तो जिना उतरत होता, मास्तरांना फोन करायला.

तिचे डोळे तपासले. डॉक्टर म्हणाले, 'या वयाला असे डोळे क्वचित बघायला मिळतात. लखलखीत आहेत.' नवऱ्यानं ते ऐकलं आणि विषय बदलला. औषधाचे थेंब किती वेळा घालायचे ते पुन्हा विचारायला लागला.

मंडळाच्या सभेत त्याला भाषण करायला बोलावलं. शाळेचा हॉल, लाकडी बाकं, भिंतीवर मास्तरांनी काढलेली तांबड्याची रेघ. त्यानं सगळं सांगितलं, हातचं काही राखलं नाही, निदान हॉलमधल्या लोकांना तसं वाटलं. मशीनचा राग, चहा सांडलेली भिंत, झाकलेले डोळे. चूक अशी भरसभेत कबूल करणारा माणूस लोकांना फार आवडतो. लोक हसत होते, मान डोलवत होते. मध्येच तो म्हणाला, 'बरं, सावध करायला घरात तरी कोणी असावं? तर आमच्या हिलाही तेच दिसायचं. एक पायरी कमी. संसार म्हणतात तो हाच.' हॉल हसला. दुसऱ्या बाकावर बसलेली रफूवालीही हसली. सवय असते चेहऱ्याला.

भाषण संपलं, टाळ्या झाल्या. मग मास्तर उठले. थकले होते आता, काठी लागायची. म्हणाले, एवढं जन्माचं काम वाया जायचं कारण नाही. मंडळात एक गणितात हुशार मुलगी होती, तिनं हिशेब मांडला होता. मोतीबिंदूची चूक एकाच दिशेनं आणि बेताबेतानं वाढत जाते, म्हणून ती किती ते काढता येतं. तेवढी वजा केली की रंगवाल्याचे सगळे आकडे पुन्हा वापरता येतील. एकही टाकायला नको. नवऱ्याचे डोळे भरून आले.

ती मुलगी कागद घेऊन रफूवालीकडे वळली. अदबीनं म्हणाली, 'काकू, तुमच्याही आकड्यांचं असंच करता येईल. तुमचा मोतीबिंदू कितपत आहे तेवढं सांगा.'

'मला नाही मोतीबिंदू,' ती म्हणाली.

'अगदी थोडा असेल.'

'नाही. गेल्या आठवड्यात तपासले. स्वच्छ आहेत.'

मुलगी कागदाकडे बघत राहिली. तिला गणित सुटेना. 'मग तुम्हाला तारा उजळ कसा दिसला?'

नवरा पुढच्या बाकावरून हळूच म्हणाला, 'अगं, असेल थोडासा. डॉक्टरांना काय कळतंय.'

तिला एका शब्दात सुटता आलं असतं. पण तिला समोर ती रेघ दिसत होती, आणि रेघेत तिचे ठिपके, नवऱ्याच्या ठिपक्यांच्या एक पायरी खाली. ती म्हणाली, 'नाही दिसला. मला तो कायम धाकटीजवळच दिसायचा. मी ह्यांचं ऐकून लिहीत होते.'

मास्तर काठी टेकत तिच्यापाशी आले. ते रागावले नव्हते, आणि तेच वाईट होतं. रागावलेल्या माणसाला उत्तर देता येतं. 'वहिनी,' ते म्हणाले, 'आधी कधी सांगितलं नाहीत तुम्ही?'

'यांना सांगितलं होतं. दोन वर्षं सांगत होते.'

'त्या दोन वर्षांचे तुमचे आकडे माझ्याकडे आलेलेच नाहीत.'

तिनं नवऱ्याकडे बघितलं. सगळ्या जगात ही गोष्ट माहीत असलेला तो एकटा माणूस होता. पाठवले नाहीत ते मी पाठवले नाहीत, एवढं वाक्य होतं. टाळ्या घेऊन झाल्या होत्या, आता त्याचं काही बिघडणार नव्हतं. त्यानं चष्मा काढला, रुमालानं पुसला, उजेडात धरून बघितला आणि पुन्हा पुसायला घेतला.

'आणि बाकीचे तारे?' मास्तरांनी विचारलं. 'इतकी वर्षं पाठवलेत ते?'

'ते सगळे खरे आहेत. जसे दिसले तसे.'

'मला पटतं हो,' मास्तर म्हणाले. 'पण आमच्यात कसं असतं, ज्याचा डोळा चुकतो त्याला सांभाळून घेता येतं. चूक किती ते काढायचं, वजा करायचं. न दिसलेलं ज्यानं लिहिलं, त्याचं कुठलं खरं आणि कुठलं नाही, हे आम्ही कशावरून ठरवायचं?' त्यांनाही बोलणं जड जात होतं. 'तुमचे सगळेच काढावे लागतील, वहिनी. पहिल्यापासूनचे.'

सभा संपल्यावर चहा होता. लोक नवऱ्याभोवती जमले, धीर लागतो असं बोलायला, म्हणाले. तिच्याशी कोणी वाईट बोललं नाही. तिला खुर्ची दिली, कप हातात दिला आणि जरा लांब उभे राहिले. ज्यानं तिला खोटं बोलायला लावलं, त्याचं सगळं राहिलं. ती खरी होती तेव्हाचंही गेलं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो संताप. तिनं कप न पिताच खाली ठेवला.

घरी येताना तो म्हणाला, 'थोडासा आहे म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? तुझंही राहिलं असतं.'

'तुम्ही बोलायचं होतं.'

'मी काय बोलणार? तू सरळ सांगून मोकळी झालीस. आणि दोन वर्षं सांगत होतीस म्हणे.' त्यानं चालता चालता खरंच आठवून बघितलं. 'एखाद्या वेळी म्हणाली असशील.'

तिनं कुलूप उघडलं. तो तसाच गच्चीवर गेला, आकाश छान होतं म्हणून. तिनं पाणी भरलं, अंथरुणं घातली. थोड्या वेळानं वरून त्याची हाक आली. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं, दोन डोळ्यांत दोन वेगळे आकडे येत होते, त्याचा गोंधळ उडाला होता.

'अगं, येतेस का जरा? तांबडा बघून सांग, नक्की कुठं आहे.'

ती खाटेच्या कडेवर बसली होती. उठली नाही.

'तुम्हाला दिसतो तिथंच आहे,' ती म्हणाली आणि तिनं दिवा मालवला.